भिंगरीच्या पोटात काय दिसले

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या आणि पुढच्यांनी अंग चोरून त्यांना जागा द्या. मांडी घाला नाहीतर पाय पसरा, माझी काही तक्रार नाही, फक्त कान इकडे असू द्या. मी तुम्हाला एका मुलीच्या दुखऱ्या पोटाची गोष्ट सांगणार आहे. ती मी कोणाकडून ऐकलेली नाही. त्या पोटावर मी स्वतः फिरलो आहे.

मी एक जुना प्रोब आहे. प्रोब म्हणजे काय, असे तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतेच आहे. सोनोग्राफीचे यंत्र पाहिले आहे ना? एक पडदा, पुष्कळशी बटणे, आणि बाजूला वायरने लटकणारी मुठीएवढी वस्तू. जेली लावून डॉक्टर जी पोटावर फिरवतात, ती वस्तू म्हणजे मी. यंत्राला सगळे ओळखतात आणि मला कोणी विचारत नाही, पण त्याचे मला वाईट वाटत नाही. मृदंग वाजतो तेव्हा बोटांची नावे कोण विचारतो?

माझे काम गाण्याचे आहे. थट्टा नाही, खरेच सांगतो. माझ्या तोंडाशी बारीक स्फटिकांची एक ओळ आहे. वीज आली की ते थरथरतात आणि सूर निघतो. तो इतक्या वरच्या पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. मी सूर सोडतो. तो कातडीतून आत जातो, आतल्या पडद्यांवर, भिंतींवर आपटतो आणि परत येतो. परत आलेला सूर मी ऐकतो आणि त्यातूनच पडद्यावर चित्र उमटते. म्हणजे माझे अर्धे आयुष्य गाण्यात गेले आणि अर्धे ऐकण्यात. एवढे भाग्य कोणाच्या वाट्याला येते? ज्याने मला या कामाला लावले, त्या परमेश्वरापुढे मी रोज मनातल्या मनात वाकतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे सगळे पांढरे झगे आणि टोप्या घालून काम करत. धुळीचा एक कण आत आला तरी मोठा गहजब होई. भिंगातून बघत, चिमट्याने एकेक तार जोडत एका बाईने मला घडवले. तिने मला पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा चांगला निघाला गं." माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक ते. तिचा चेहरा मला आता आठवत नाही, पण तिची बोटे आठवतात.

मग मी लहान मुलांच्या इस्पितळात आलो. तळमजल्यावर आमची खोली होती. खिडकीला जाड पडदा होता आणि खोलीत सदा संध्याकाळ असल्यासारखा उजेड असे. खाटेवर कागदाची चादर असे, आणि छतावर कोणीतरी रंगीत मासे रंगवलेले होते. मुले उताणी झोपतात, मग त्यांना बघायला काहीतरी नको का? यंत्राच्या दुसऱ्या बाजूला माझा थोरला भाऊ लटकलेला असे. त्याचे तोंड गोलसर, माझे सपाट. तो खोलवरचे बघतो आणि थोराड मुलांच्या जाड पोटांवर मिरवतो. मी वरवरचे बघतो, पण बारीक बघतो. लहानग्यांची पोटे पातळ, म्हणून त्यांच्यासाठी हाक मला.

आम्हाला चालवणाऱ्या होत्या डॉक्टरबाई. त्यांच्या हाताबद्दल काय सांगू? जेलीची बाटली त्या कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवत, म्हणजे पोटाला गार लागू नये. जिथे दुखते तिथे त्या कधीच आधी जात नसत. लांबून, न दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करत आणि हळूहळू दुखऱ्या गावाला पोहोचत. मला दाबायचे ते इतक्या सावकाश, की पोटाला वाटावे हे आपलेच वजन आहे. आणि उचलायचे तेही तितक्याच सावकाश. शिकायला आलेल्यांना त्या सांगत, "दाबताना सगळेच जपतात रे. सोडताना जपा. झटकन सोडलं की जास्त दुखतं."

अशा एका दुपारी भिंगरी आली.

तिचे खरे नाव मला ठाऊक नाही. घरात एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. त्या दिवशी मात्र ती मामाच्या खांद्यावर ओल्या टॉवेलासारखी पडलेली होती. नाक वाहत होते, डोळे लाल झालेले होते. मागून आई आली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती बाटली ती इतकी घट्ट धरून होती की प्लास्टिक कुरकुरत होते.

"सर्दी-ताप आधीपासून आहे," आई सांगू लागली. "मग जुलाब झाले. वर्गातली बरीच मुलं आजारी आहेत, तसंच असेल म्हटलं. पण सकाळपासून पोट धरून बसलीये. इथे, उजवीकडे खाली."

"अपेंडिक्स आहे," मामा म्हणाला. "मी सांगतो तुम्हाला. हे बघा." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने आपला शर्ट वर केला. पोटावर बेंबीपासून खाली गेलेला एक जाडजूड व्रण होता.

"मामा, पेशंट नक्की कोण आहे?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"पेशंट ती. मी नमुना."

डॉक्टरबाई हसल्या, पण आई हसली नाही. ती हळूच म्हणाली, "हा माझा धाकटा भाऊ. लहानपणी याचं असंच दुखलं. घरात म्हणाले, बघू उद्या. उद्यापर्यंत आत फुटलं होतं. वाचला, पण कसा वाचला ते आम्हालाच माहीत. म्हणून सांगते डॉक्टर, काढायचं असेल तर आजच काढा. मला थांबायचं नाहीये."

आता मित्रांनो, अपेंडिक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या बाजूला एक छोटी बंद शेपटी असते. ती कधीकधी बिघडते, आत पू धरते, आणि वेळेवर काढली नाही तर फुटते. मामाचे तेच झाले होते. आईची भीती काही हवेतून आलेली नव्हती.

डॉक्टरबाईंनी भिंगरीला विचारले, "एका बोटाने दाखव बरं, कुठे दुखतं?"

भिंगरीचे बोट बेंबीपाशी फिरले, खाली गेले, मग तिने सगळा तळवाच पोटावर ठेवला. "सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे डोक्यात पण?"

"डोक्यात नाही. डोक्यात मामाचा आवाज दुखतो."

तेवढ्यात दारात सर्जन येऊन उभे राहिले. उंच, किंचित वाकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ते इतके कमी बोलत की नर्सबाया त्यांना आपसांत मौनीबुवा म्हणत. ते दाराच्या चौकटीला टेकले आणि पडद्याकडे पाहू लागले.

डॉक्टरबाईंनी मला डावीकडून फिरवत उजवीकडे आणले. अपेंडिक्स सापडले. आता आमच्या खोलीची एक रीत होती. माप घेतले की ते मोठ्याने म्हणायचे, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या नर्सबाई ते लिहून घेत. त्या सवयीने डॉक्टरबाई म्हणून गेल्या, "अपेंडिक्स, सात."

बस. जाडी सहा मिलिमीटरच्या आत असली तर बरे, वर गेली तर सुजले, हे त्या इमारतीत सगळ्यांना पाठ होते. सर्जननी मान हलवली आणि भिंतीवरचा फोन उचलला. "ऑपरेशन थिएटर तयार ठेवा," एवढेच ते बोलले. आईने डोळे मिटले. मामाने तिच्या पाठीवर हात ठेवला. भिंगरी माशांकडे बघायची थांबली आणि म्हणाली, "थिएटर म्हणजे कापायचं?"

आणि मित्रांनो, डॉक्टरबाईंचे तर अजून बघून संपलेले नव्हते. आकडा तोंडातून सुटला आणि त्यांच्या हाताच्या पुढे धावत गेला. त्यांचा तळवा माझ्या पाठीवर घट्ट झालेला मला जाणवला. त्यांनी श्वास घेतला आणि मला सावकाश, अगदी सावकाश, खाली नेले.

आता इथे मन लावून ऐका. खरोखर बिघडलेले अपेंडिक्स दाबले तर दबत नाही. पेन्सिलीसारखे ताठ राहते. भिंगरीचे दबले. पाणी भरलेल्या मऊ नळीसारखे चपटे झाले आणि वजन काढल्यावर पुन्हा फुगले. माझा सूर परत आला तोही शांत होता. अपेंडिक्सच्या भिंतीत एकाआड एक काळ्या-पांढऱ्या रेघा असतात. आजार वाढला की त्या पुसट होतात, तुटतात. इथे त्या अखंड होत्या. फक्त सगळ्यांत आतली काळी पट्टी जाड झाली होती. तिथे शरीराचे पहारेकरी राहतात. विषाणू शिरला की त्यांची तिथे गर्दी होते आणि ती पट्टी फुगते. आजूबाजूची चरबी पाहिली. ती भडकली की पडद्यावर लख्ख पांढरी दिसते; इथे ती नेहमीसारखी करडी होती. कुठे पाणी साचलेले नव्हते. आतड्यांच्या मध्ये मात्र विषाणूशी लढताना सुजणाऱ्या, शेंगदाण्याएवढ्या पुष्कळ गाठी होत्या. ज्या विषाणूने नाक गळत होते, जुलाब झाले होते, तोच आतही धुमाकूळ घालत होता. अपेंडिक्स त्याच्या धक्क्याने थोडे सुजले होते, एवढेच.

पण शेपटीचे टोक दिसत नव्हते. आणि कधीकधी सगळे ठीक असते आणि टोकच तेवढे बिघडलेले असते. टोक आतड्यातल्या हवेमागे दडले होते आणि हवेतून माझा सूर जात नाही. तिथे मी पांगळा.

"राणी, डाव्या कुशीवर वळ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि आता गायचं. एकच सूर, लांब. आ."

भिंगरीने ओठ घट्ट मिटले. "मामा गाईल तर मी गाईन."

मामाने घसा खाकरला आणि सूर लावला. आता देवाने प्रत्येकाला काही ना काही दिलेले असते. मामाला गळा दिलेला नव्हता. भिंगरीला हसू फुटले. हसताना तिने पोट धरले, "दुखतं दुखतं" म्हणाली, पण हसायची थांबली नाही. मग तिनेही सूर लावला. बारीक, सर्दीने भरलेला, पण लांबलचक. सूर सोडताना श्वास बाहेर जातो आणि पोट आपोआप सैल पडते. त्या सैल पोटात डॉक्टरबाईंनी मला अलगद टेकवले. हवा बाजूला सरकली. तिचा सूर बाहेर, माझा आत. आणि त्या दोन सुरांच्या मध्ये अपेंडिक्सचे टोक दिसले. मऊ, दबणारे, रेघा अखंड. मी त्या क्षणी मनात हात जोडले. मला हात नाहीत, पण जोडले.

"सर," डॉक्टरबाई म्हणाल्या, "थिएटरला जरा थांबायला सांगता का?"

सर्जन पुढे आले. "सात म्हणालात ना, मॅडम?"

"म्हणाले. सात आहेच. पण मी आकडा आधी म्हणाले आणि बघितलं नंतर. ते माझं चुकलं. आता इकडे बघा." त्यांनी मला दाबले, सोडले, पुन्हा दाबले. "हे विषाणूचं वाटतंय. टोकापर्यंत बघितलं. माझ्या मते आज कापू नये. इथेच ठेवून सकाळी पुन्हा बघू."

सर्जन चष्मा चढवून पडद्याकडे वाकले. "आणि फुटलं तर?"

"तर मी चुकले असं सगळ्यांसमोर म्हणेन. पण त्याने हिचं पोट सांधलं जाणार नाही, हे मलाही कळतं, सर."

सर्जननी आपले हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि भिंगरीच्या पोटावर ठेवले. मग म्हणाले, "खाली उतर. एक उडी मारून दाखव."

भिंगरी उतरली. तोंड वाकडे केले, पण उडी मारली. अपेंडिक्स खरेच पेटलेले असले तर मूल उडी मारायला धजत नाही.

"थांबू या," सर्जन म्हणाले.

तो शब्द ऐकताच आईचा धीर सुटला. "तुम्ही पण तेच म्हणताय. आम्ही एकदा थांबलो होतो, डॉक्टर. याच्या वेळी थांबलो होतो."

मौनीबुवा तोवर आयुष्यात एवढे लांब बोलले असतील असे मला वाटत नाही. ते म्हणाले, "ताई, तेव्हा तुम्ही घरी थांबला होतात, आणि पोटात काय चाललंय ते कोणी बघत नव्हतं. आज इथे थांबायचंय. मी दर थोड्या वेळाने हात लावून बघणार, मॅडम बघणार. जरा जरी बदललं तर चाकू माझ्याकडे आहेच, तो कुठे पळून जात नाही. मी पण नाही."

आईने मामाकडे पाहिले. मामा, आल्यापासून अपेंडिक्स अपेंडिक्स म्हणणारा, शर्टावरून आपल्या व्रणावर हात फिरवत होता. मग तो म्हणाला, "आक्का, माझ्या पोटाकडे असं बघितलं असतं कोणी, तर..." आईने होकाराची मान हलवली.

पण गोष्ट इथे संपत नाही. दिवे लागायच्या सुमारास भिंगरीचा ताप चढला. तिला उलटी झाली. पुढची हकिकत मला वॉर्डातच कळली, कारण यंत्र ढकलत ढकलत मला तिच्या खाटेपाशी नेले. आई खाटेच्या कडेला उभी होती आणि तिचा आवाज चिरला होता. "काढून टाका. नकोच ते. मला काही सांगू नका आता."

त्या वेळी चाकू उचलणे किती सोपे होते, बघा. आई म्हणते आहे, ताप आहे, उलटी आहे, आकडा सहाच्या वर आहे. सर्जननी ऑपरेशन केले असते तर त्यांना जगात कोणी दोष दिला नसता. उलट सगळ्यांनी हात जोडले असते. त्यांनी पुन्हा हात गरम केले, पोटावर ठेवले, आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. कोणी म्हणेल जपच करत होते. मग म्हणाले, "मॅडम, बघा."

डॉक्टरबाईंनी मला फिरवले. तेच मऊपण, त्याच अखंड रेघा, तीच शांत चरबी. ताप विषाणूचा होता, उलटीही त्याचीच.

"तसंच आहे, सर. वाढलेलं नाही."

"मग थांबू," सर्जन म्हणाले, आणि खाटेशेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढून त्यावर बसले.

"तुम्ही घरी नाही जात?" मामाने विचारले.

"जाईन की."

"तुमच्या घरचे वाट बघत असतील."

"त्यांना सवय आहे."

आई बसली नाही, पण तिने हातातली बाटली पहिल्यांदाच खाली ठेवली. मला परत खोलीत नेले, तेव्हा ते दोघे पुरुष शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले. एक न थांबता बोलत होता आणि दुसरा अधूनमधून हं म्हणत होता.

सकाळी खिडकीचा पडदा सरकवायच्या आधीच भिंगरी आमच्या खोलीत आली. चालत आली, आणि दारातूनच म्हणाली, "मला भूक लागलीये. कोणी काही देत नाहीये."

डॉक्टरबाईंचा हात माझ्यावर सैल झाला. भुकेलेले मूल हा सगळ्यांत चांगला निरोप असतो, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी सगळे पोट पाहिले, दाबून पाहिले, टोकापर्यंत पाहिले. या वेळी त्यांनी आकडा शेवटपर्यंत तोंडातच धरून ठेवला. सगळे बघून झाल्यावरच म्हणाल्या, "साडेपाच. उतरलं."

आई मटकन स्टुलावर बसली आणि रडू लागली. मामा म्हणाला, "आक्का, काल नाही रडलीस ती आज कशाला?" आणि स्वतःचेच डोळे बाहीने पुसू लागला. आईने डॉक्टरबाईंचे दोन्ही हात धरले. जेलीने चिकट झालेले हात होते, ते तिने कपाळाला लावले. नर्सबाईंनी मऊ कापडाने मला पुसून जागेवर ठेवले आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. त्या थापेत मला सगळे मिळाले.

मित्रांनो, यावरून असे समजू नका की प्रत्येक दुखणे थांबल्याने बरे होते. त्यानंतर कितीतरी पोटे आली. काहींत अपेंडिक्स ताठ होते, भोवतालची चरबी पांढरीफटक होती. तेव्हा डॉक्टरबाई लगेच म्हणाल्या, "सर, हे काढा," आणि सर्जननी एक क्षण वाया घालवला नाही. ती मुलेही हसत घरी गेली. म्हणून पोट दुखले तर लपवू नका, मोठ्यांना सांगा. थांबायचे की कापायचे ते घरी बसून ठरत नाही. बघून ठरते.

पुढे नवे यंत्र आले. त्याचा पडदा मोठा, चित्र आरशासारखे. माझे दोन-तीन स्फटिक मुके झाले होते आणि चित्रात एक काळी चीर पडू लागली होती. मला एका कपाटात ठेवले. तिथे अंधार होता, पण मी कुढलो नाही. ज्याला भरपूर गायला मिळाले, त्याने थोडा वेळ गप्प बसायला काय हरकत आहे? नंतर मला शिकणाऱ्या डॉक्टरांच्या वर्गात नेले. आता ते एकमेकांच्या पोटांवर मला फिरवतात आणि गुदगुल्या झाल्या की खिदळतात. त्यांना एकच विनंती करतो. माझ्यावरची जेली वाळू देऊ नका, मऊ कापडाने पुसा. माझी वायर ट्रॉलीच्या चाकाखाली येऊ देऊ नका. मला खाली पाडू नका. आणि आकडा म्हणायच्या आधी पोट पुरते बघा.

माझ्या वाट्याला कौतुक आले, डॉक्टरबाईंच्या वाट्याला आशीर्वाद आले. पण त्या सकाळी आनंदाच्या गडबडीत सर्जनकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांनी तर काही केलेच नव्हते ना? ते दारातूनच भिंगरीकडे बघून मान हलवून गेले, दुसरे कोणीतरी मूल त्यांची वाट पाहत होते म्हणून. आता ते थकले आहेत, इस्पितळात येत नाहीत. ऑपरेशन केले की लोक वर्षानुवर्षे नाव घेतात. जे करता येत असूनही केले नाही, त्याचे आभार मानायला मात्र कोणी येत नाही.

तेव्हा मित्रांनो, आज देवाला हात जोडाल, तेव्हा त्या माणसाचीही एकदा आठवण काढा, जो हात मांडीवर ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिला.